जीवाश्म, पोषण, विकरे आणि पेशी : राहू परिसराच्या संदर्भात माध्यमिक जीवविज्ञानाचा एकत्रित विचार

सारांश

माध्यमिक शाळेच्या विज्ञान विषयात पेशी, पोषण, विकरे आणि जीवाश्म हे घटक स्वतंत्र पाठ म्हणून येतात. विद्यार्थी ते वेगवेगळे पाठ करतात आणि वेगवेगळे विसरतात. वास्तविक या चारही घटकांत एकच कार्यकारणसाखळी आहे. पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यातील राहू आणि त्याला लागून असलेला शिरूर तालुका या परिसरात ही साखळी प्रत्यक्ष दाखविता येते. एका बाजूस येथे उसाची शेती आणि गुऱ्हाळे आहेत, तर दुसऱ्या बाजूस वाळकी आणि इनामगाव येथील तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे अवशेष आहेत. प्रस्तुत लेखात या दोन्हींच्या आधारे चारही घटकांचा परस्परसंबंध स्पष्ट केला असून शाळेत करता येण्याजोगे काही साधे प्रयोग सुचविले आहेत.

बीजसंज्ञा : जीवाश्म, विकर, पेशी, पोषण, इनामगाव, वाळकी, राहू, ऊस.

१. प्रस्तावना

मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधला सुपीक भूभाग राहू बेट या नावाने ओळखला जातो. काळी कसदार जमीन आणि नद्यांचे पाणी यांमुळे येथे ऊस हे प्रमुख पीक झाले आणि उसाबरोबर गुऱ्हाळेही आली. या भागातील शाळकरी मुलाला ऊस कधी तोडावा, तोडलेला ऊस किती काळ ठेवावा, काहिलीतील रस केव्हा ढवळावा या गोष्टी घरातच समजतात. मात्र ह्याच गोष्टी विज्ञानाच्या पुस्तकात 'विकर' या नावाने येतात तेव्हा त्याला त्या परक्या वाटतात.

जीवाश्मांच्या बाबतीतही असेच घडते. जीवाश्म म्हटले की मुलांच्या मनात डायनासोर येतो आणि तो दूरच्या कोठल्या तरी प्रदेशात असतो. आपल्याच नदीच्या गाळात नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडे सापडली आहेत, आपल्याच शिवारात तीन हजार वर्षांपूर्वीची शेतवस्ती होती, हे त्यांना क्वचितच ठाऊक असते. पाठ्यपुस्तक आणि परिसर यांच्यातील ही दरी बुजविण्यासाठी प्रथम चारही संकल्पना या परिसराच्या आधाराने समजून घेणे आवश्यक आहे.

२. भूमी आणि जीवाश्म

पुणे जिल्ह्याचा पाया बेसाल्ट या अग्निजन्य खडकाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात लाव्हाचे थरांवर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. तप्त लाव्हामध्ये सजीवांचे अवशेष टिकत नाहीत. म्हणून येथील डोंगरात जीवाश्म शोधणे सहसा व्यर्थ ठरते. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात जेथे तळी साचली आणि त्यांत गाळ बसला, तेथे मात्र जीवाश्म मिळतात. नागपूर परिसरातील आणि मुंबईतील असे आंतरप्रवाही थर प्रसिद्ध आहेत.

राहू परिसरात जीवाश्मांचे स्थान खडक नसून नद्यांचा गाळ हे आहे. भीमा आणि तिच्या उपनद्यांनी गेल्या काही दशसहस्र वर्षांत वाळू, गोटे आणि चिकणमाती यांचे जाड थर रचले. शिरूर तालुक्यात इनामगावजवळ घोड नदीच्या अशाच जुन्या गाळथरांतून प्लाइस्टोसीन कालखंडातील प्राण्यांचे जीवाश्म नोंदले गेले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अभ्यासकांनी १९७० च्या दशकात या थरांचा अभ्यास केला. डेक्कन कॉलेजचेच जी. एल. बदाम यांचा भारतातील प्लाइस्टोसीन प्राण्यांविषयीचा ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

जीवाश्म कसा बनतो हे समजण्यासाठी हाडाची घडण लक्षात घ्यावी लागते. हाडात मुख्यतः दोन घटक असतात. कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन हाडाला लवचीकपणा देते, तर कॅल्शियम व फॉस्फेट यांचे स्फटिक त्याला कठीणपणा देतात. मृत्यूनंतर जिवाणू आणि त्यांची विकरे कोलॅजेनचे विघटन करू लागतात. प्राणी गाळाखाली लवकर गाडला गेला, तर हवा आणि कुरतडणारे प्राणी यांपासून हाड वाचते. पुढे भूजलातील खनिजे हाडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत साचतात. हाडाचा आकार तोच राहतो, परंतु त्याचे द्रव्य हळूहळू बदलते.

माती क्षारधर्मी असेल तर हाडातील खनिज टिकते आणि आम्लधर्मी असेल तर ते विरघळते. दख्खनच्या काळ्या, चुनखडीयुक्त मातीत हाडे बऱ्यापैकी टिकतात. कोकणातील जांभ्याच्या मातीत ती सहसा टिकत नाहीत. एखाद्या ठिकाणी हाडे सापडली नाहीत म्हणजे तेथे प्राणी नव्हते, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

सर्वसाधारणपणे दहा हजार वर्षांहून अधिक जुन्या अवशेषांना जीवाश्म म्हणण्याचा संकेत आहे. या संकेतानुसार इनामगावजवळच्या गाळथरांतील प्लाइस्टोसीन हाडे जीवाश्म ठरतात, तर इनामगावच्या वस्तीतील माणसांची हाडे तशी ठरत नाहीत. ती केवळ प्राचीन हाडे होत. परंतु या 'अपुऱ्या' जीवाश्मांत कोलॅजेन काही प्रमाणात शिल्लक असू शकते. म्हणूनच त्यांतून आहाराविषयी आणि वयाविषयी पूर्ण अश्मीभूत हाडापेक्षा अधिक माहिती मिळण्याची शक्यता असते.

३. वाळकी आणि इनामगाव

ग्रामीण महाराष्ट्रात शेतीच्या जमिनीला काळी आणि गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणण्याची रीत आहे. शतकानुशतके एकाच जागी घरे पडत आणि पुन्हा उभी राहत गेली, चुलींची राख, शेण आणि कचरा साचत गेला, की त्या जागेची माती पांढुरकी होते आणि तेथे टेकाड तयार होते. इनामगाव येथील अशाच प्राचीन वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी या कामाचे नेतृत्व केले.

या वस्तीचे तीन कालखंड मानले जातात : माळवा संस्कृतीचा काळ (इ. स. पूर्व सुमारे १६०० ते १४००), पूर्व जोर्वे काळ (सुमारे १४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे काळ (सुमारे १००० ते ७००). उत्खननात शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. पूर्व जोर्वे काळात आयताकृती प्रशस्त घरे होती, तर उत्तर जोर्वे काळात लहान गोल झोपड्यांचे प्रमाण वाढले. त्या काळी दख्खनमधील बहुतेक जोर्वे गावे ओस पडली, इनामगाव मात्र टिकून राहिले.

राहू बेटातील वाळकी येथे मुळा-मुठा आणि भीमा यांच्या संगमाच्या परिसरात याच संस्कृतीची एक लहान वस्ती उजेडात आली. ती मोठ्या गावाशी संबंधित शेतवस्ती असावी असे अभ्यासकांचे मत आहे. येथे हाडापासून बनविलेला नांगराचा फाळही मिळाला. आज ज्या शिवारात ट्रॅक्टरने सरी पाडली जाते, त्याच शिवारात त्या काळी हाडाच्या फाळाने जमीन फाडली जात होती.

इनामगावात दोनशेहून अधिक दफने आढळली. मृत बालकांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून त्यात ठेवीत आणि घराच्या जमिनीखाली पुरीत असत. ही प्रथा त्या मातापित्यांच्या दृष्टीने ममतेची असेल. अभ्यासकांच्या दृष्टीने तिचा परिणाम असा झाला की बालकांची नाजूक हाडे आणि दात रांजणात सुरक्षित राहिले. अन्यत्र अशी हाडे सहसा नष्ट होतात.

४. पोषण : मातीत सापडलेले ताट

एम. डी. काजळे यांनी इनामगावच्या जळक्या धान्यकणांचा अभ्यास केला. त्यावरून तेथील लोक मुख्यतः जव पिकवीत होते असे दिसते. त्याखेरीज गहू, मसूर, वाटाणा, लाख आणि हुलगा यांचे अवशेष मिळाले. बोरासारखी रानफळेही ते खात. गुरे, शेळ्या-मेंढ्या यांच्या हाडांबरोबर हरणासारख्या वन्य प्राण्यांची हाडेही मिळाली. पाण्यासाठी कालवा आणि बांध बांधण्याइतकी त्यांची शेती प्रगत होती.

हे ताट आजच्या पोषणशास्त्राच्या भाषेत वाचता येते. जव व गहू यांतून कर्बोदके मिळत. कडधान्यांतून प्रथिने मिळत. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यांच्या प्रथिनांत मेथिओनीन कमी असते. दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. हुलग्याचे माडगे आणि भाकरी या जेवणामागचे शास्त्र हेच होय. मांस, दूध आणि रानफळे यांतून जीवनसत्त्वे व खनिजे मिळत.

या ताटातील जिन्नस कळले तरी ते प्रत्येकाच्या वाट्याला किती येत होते, हे धान्यकणांवरून सांगता येत नाही. कोठारात धान्य असणे आणि बालकाच्या पोटात ते पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा फक्त शरीर देऊ शकते. अन्न शरीरात कसे मिसळते हे पाहिल्याखेरीज तो पुरावा वाचता येत नाही आणि ते काम विकरे करतात.

५. विकरे : जवापासून गुऱ्हाळापर्यंत

विकर म्हणजे सजीवांत तयार होणारा, रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढविणारा आणि स्वतः न संपणारा पदार्थ होय. बहुतेक विकरे प्रथिने असतात. प्रत्येक विकराचा आकार विशिष्ट असल्याने ते ठराविक पदार्थावरच कार्य करते. तापमान फार वाढले की प्रथिनाची घडी उलगडते आणि विकर निकामी होते. आम्लता बदलली तरी त्याचे कार्य मंदावते.

विकरांच्या इतिहासाचा आरंभ जवापासूनच होतो. १८३३ मध्ये पायाँ आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवातून पिष्टाचे शर्करेत रूपांतर करणारा पदार्थ वेगळा केला. त्याला त्यांनी डायास्टेज असे नाव दिले. अशाच प्रकारचे अमायलेज हे विकर माणसाच्या लाळेतही असते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो, त्याचे कारण हेच. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी फोडून काढलेल्या रसातही किण्वन होते हे दाखविले. त्यामुळे विकर पेशीत तयार होत असले तरी पेशीबाहेरही कार्य करू शकते हे सिद्ध झाले. या कार्यासाठी त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

राहूच्या विद्यार्थ्यासाठी विकराचे सर्वांत जवळचे उदाहरण मात्र उसाच्या फडात आहे. उसाच्या कांड्यातील पेशींच्या रिक्तिकांत सुक्रोज ही शर्करा साठलेली असते. ऊस तोडल्यानंतर कांड्यातील इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत विघटन करू लागते. उन्हात पडलेल्या उसात ही क्रिया अधिक वेगाने होते, शिवाय कापलेल्या टोकांतून जिवाणू आत शिरतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे प्रमाण वाढले की साखरेचे स्फटिक नीट बनत नाहीत. म्हणून शिळ्या उसाचा कारखान्यात उतारा घटतो, तर गुऱ्हाळात गूळ मऊ व चिकट होतो आणि ढेप नीट बसत नाही. ऊस तोडल्यावर शक्यतो त्याच दिवशी गाळावा, हा गुळव्याचा आग्रह म्हणजे विकराशी लावलेली शर्यतच होय.

चरकातून निघालेला रस थोड्याच वेळात काळपट पडतो. रसातील फिनॉलवर्गीय पदार्थांचे काही विकरे हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने रंगीत पदार्थांत रूपांतर करतात. काहिलीत रस तापला की ही विकरे निकामी होतात. रानभेंडीचा चिकट रस घातल्यावर गाळ धरून मळी वर येते व ती काढून टाकता येते, तर चुन्यामुळे रसाची आम्लता कमी होते. आम्लयुक्त रस उकळत ठेवला तर विकर नसतानाही सुक्रोजचे विघटन होते. त्यामुळे चुन्याचे प्रमाण हा गुळव्याच्या कौशल्याचा भाग ठरतो.

६. पेशी : शरीराची नोंदवही

१६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहिले व त्यांना पेशी हे नाव दिले. १८३८ मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींविषयी आणि १८३९ मध्ये श्वान यांनी प्राण्यांविषयी पेशीसिद्धान्त मांडला. पेशी पेशीपासूनच निर्माण होते हा विचार १८५५ मध्ये फिरशो यांनी प्रभावीपणे पुढे आणला. पचनातून मिळालेले ग्लुकोज, अमिनो आम्ले व खनिजे रक्तावाटे पेशींपर्यंत पोहोचतात. तंतुकणिकांत त्यांपासून ऊर्जा मुक्त होते आणि रायबोसोमवर प्रथिने तयार होतात. शरीराची वाढ म्हणजे पेशींची संख्या वाढणे आणि पेशींनी आपल्याभोवती नवे द्रव्य रचणे होय.

हाड ही निर्जीव काठी नव्हे. अस्थिजनक पेशी कोलॅजेन व खनिज यांची रचना करतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी जुने हाड विरघळवितात. ही मोडतोड व बांधणी आयुष्यभर चालते. कोलॅजेन घट्ट होण्यासाठी जे विकर लागते, त्याला 'क' जीवनसत्त्वाची गरज असते. ते जीवनसत्त्व मिळाले नाही तर हिरड्यांतून रक्त येऊ लागते व हाडांची घडण बिघडते. पोषण, विकर आणि पेशी यांची गाठ येथे स्पष्टपणे दिसते.

दातावरील कवच म्हणजे दंतवल्क याची गोष्ट वेगळी आहे. ते घडविणाऱ्या पेशी दिवसामागून दिवस थरावर थर रचतात आणि दात बाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. त्यामुळे दंतवल्काची झीज शरीराला भरून काढता येत नाही. दात घडत असताना बालकाला दीर्घ आजार किंवा उपासमार सोसावी लागली, तर त्या पेशींचे काम मंदावते आणि दंतवल्कात खाच किंवा खळगा राहतो. ही खूण पुढे कधीही पुसली जात नाही. दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटातच सुरू होते. म्हणून बालकाचा दात बालकाबरोबर त्याच्या आईच्या पोषणाचीही साक्ष देतो.

इनामगावच्या मानवी अवशेषांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला व त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुधाच्या सुळ्यांवर आढळणाऱ्या दंतवल्कदोषांविषयीचे त्यांचे संशोधन १९९८ मध्ये प्रकाशित झाले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बालकाच्या जन्माच्या आसपासचा काळ कसा गेला, हे विचारण्याची सोय या पेशींच्या कामामुळेच झाली आहे.

७. उसाचे पान आणि हाडातील कार्बन

हे चारही घटक एका सूत्रात आणणारे उदाहरण उसाच्या पानात सापडते. बहुतेक वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड रुबिस्को या विकराच्या साहाय्याने पकडतात आणि त्यापासून प्रथम तीन कार्बन असलेले संयुग तयार होते. गहू, जव, भात व कडधान्ये या गटात येतात. त्यांना सी-३ वनस्पती म्हणतात. १९६५ मध्ये हवाई येथील कोर्टशाक, हार्ट व बर यांनी उसात प्रथम चार कार्बनची आम्ले तयार होतात असे दाखविले. १९६६ पासून ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी उसाच्याच पानांवर प्रयोग करून ही यंत्रणा उलगडली. ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका या सी-४ वनस्पती होत.

उसाच्या पानात शिरांभोवती दोन प्रकारच्या पेशींची वर्तुळाकार मांडणी असते. बाहेरच्या पेशींत पेप कार्बोक्सिलेज हे विकर कार्बन डायऑक्साइड पकडते. आतल्या पेशींत तो पुन्हा मुक्त होऊन रुबिस्कोकडे सोपविला जातो. त्यामुळे कडक उन्हातही उसाचे प्रकाशसंश्लेषण जोमाने चालते.

निसर्गातील कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के कार्बन किंचित जड, म्हणजे कार्बन-१३ असतो. रुबिस्को हलक्या कार्बनला अधिक पसंती देते, तर पेप कार्बोक्सिलेज असा भेद फारसा करीत नाही. परिणामी सी-३ वनस्पतींत जड कार्बन कमी राहतो आणि सी-४ वनस्पतींत तुलनेने अधिक. प्रमाणित पदार्थाशी तुलना करता सी-३ वनस्पतींचे सरासरी मूल्य उणे २६ प्रतिसहस्रच्या आसपास, तर सी-४ वनस्पतींचे उणे १२ प्रतिसहस्रच्या आसपास येते. जो प्राणी किंवा माणूस ह्या वनस्पती खातो, त्याच्या हाडातील कोलॅजेनमध्ये हा फरक उतरतो. कोलॅजेनमधील कार्बन मुख्यतः आहारातील प्रथिनांतून येत असल्याने अर्थ लावताना काळजी घ्यावी लागते. तरीही जवावर वाढलेले शरीर आणि ज्वारी-बाजरीवर वाढलेले शरीर यांतील भेद या पद्धतीने ओळखता येतो.

याच कोलॅजेनमधील कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून हाडाचे वय काढता येते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ५७३० वर्षे आहे. ही पद्धत विकसित करणाऱ्या विलार्ड लिबी यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पानातील पेशीत एका विकराने पकडलेला कार्बनचा अणू अशा रीतीने अन्न होतो, अन्नाचे हाड होते आणि हाड मातीत टिकले तर त्यातून इतिहास वाचता येतो.

८. बालकांची हाडे काय सांगतात

इनामगावचा ऱ्हास का झाला याविषयी मतभेद आहेत. ढवळीकर यांनी इ. स. पूर्व १००० च्या सुमारास वाढलेल्या कोरडेपणावर भर दिला. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. केवळ हवामानबदलाने हा ऱ्हास समजावून देण्यास त्यांनी आक्षेप घेतला.

त्यांची पद्धत शाळेतील विद्यार्थ्यालाही समजण्याजोगी आहे. मांडीच्या हाडाची लांबी बालकाची उंची सांगते. त्याच हाडाच्या मधल्या भागाचा छेद घेतला तर त्याची भक्कमता कळते, कारण हाड जेवढे वजन पेलते तेवढे ते जाड होते. उंची आणि वजन या दोन्हींचा अंदाज आला की बालक सुदृढ होते की कृश हे ठरविता येते. उत्तर जोर्वे काळातील इनामगावच्या बालकांत वाढ खुंटल्याची व कृशतेची चिन्हे अधिक आढळली.

आज अंगणवाडीत बालकाचे वजन व उंची मोजतात, ती याच दोन मापांसाठी. वयाच्या मानाने उंची कमी असणे म्हणजे खुरटणे आणि उंचीच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे कृशता. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुरटलेली आणि २५.६ टक्के बालके कृश होती. कालवे, खते, साखर कारखाने आणि दवाखाने असलेल्या राज्यातील हे आकडे आहेत. उसाने शिवार हिरवेगार असले तरी उसातून मुख्यतः शर्करा मिळते. प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे यांसाठी कडधान्ये, दूध, अंडी व भाजीपाला ताटात यावा लागतो. कोठार भरलेले असणे आणि बालकाचे पोषण होणे यांतील अंतर तीन हजार वर्षांपूर्वी होते व आजही आहे. हाड मात्र दोन्ही काळांत सारखेच प्रामाणिकपणे नोंद ठेवते.

९. शाळेसाठी काही प्रयोग

पुढील प्रयोगांना महागडी साधने लागत नाहीत. शिक्षकांच्या देखरेखीखाली ते सहज करता येतात.

(अ) कोंबडीच्या पायाचे स्वच्छ हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवावे व व्हिनेगर मधून मधून बदलावे. खनिज विरघळून हाड वाकू लागते. दुसरे हाड शिक्षकांनी विस्तवात भाजावे. कोलॅजेन जळाल्याने ते ठिसूळ होते. आम्लधर्मी मातीत हाडे का टिकत नाहीत हे यावरून समजते.

(आ) भाताची पेज दोन परीक्षानळ्यांत घेऊन एकीत लाळ मिसळावी. काही मिनिटांनी दोन्हींत आयोडीनचा थेंब टाकावा. लाळ नसलेल्या नळीत गडद निळा रंग येतो, दुसरीत तो फिका पडतो किंवा येत नाही. उकळून थंड केलेली लाळ वापरून हाच प्रयोग पुन्हा केल्यास विकरावरील उष्णतेचा परिणाम दिसतो.

(इ) ताज्या तोडलेल्या उसाचा रस आणि तीन-चार दिवस उन्हात ठेवलेल्या उसाचा रस सारख्या प्रमाणात पातळ करावा. दोन्ही बेनेडिक्ट द्रावणासह तापवून रंगांची तुलना करावी. शिळ्या उसाच्या रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज अधिक असल्याने रंगातील बदल अधिक ठळक होतो.

(ई) कांद्याच्या पापुद्र्याबरोबर उसाच्या पानाचा अतिशय पातळ आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. शिरांभोवतीची पेशींची वर्तुळाकार मांडणी दिसते. तुलनेसाठी गव्हाचे पान घ्यावे.

प्रत्यक्ष पांढरीच्या टेकाडावर मात्र मुलांनी खणू नये किंवा वस्तू गोळा करू नयेत. अवशेष कोणत्या थरात आणि कोणत्या वस्तूंसोबत होता, हे कळले तरच त्याला अर्थ प्राप्त होतो. उचलून आणलेले हाड कपाटात शोभेची वस्तू ठरते आणि त्याची साक्ष कायमची बंद पडते. पांढरीची माती खत म्हणून शेतात पसरणे, टेकाडे सपाट करून लागवड करणे, नदीकाठची वाळू व माती उपसणे यांमुळे अशी अनेक स्थळे नष्ट होतात. मातीत वेगळी भांडी किंवा हाडे दिसल्यास शिक्षकांमार्फत पुरातत्त्व विभागाला कळविणे हा योग्य मार्ग होय.

१०. समारोप

पेशी अन्नापासून शरीर रचते, विकरे ही रचना शक्य करतात, पोषण कमी पडले तर रचनेत खोट राहते आणि शरीर मातीत टिकले तर ती खोट पुढील काळाला वाचता येते. चार पाठांत विभागलेला हा विषय अशा रीतीने एकच आहे. राहूच्या विद्यार्थ्याला तो शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही. गुऱ्हाळातील काहील, उसाचे पान, घरातील हुलगा आणि संगमावरील वाळकी ही त्याची प्रयोगशाळा होय.

इनामगावच्या रांजणांतील बालकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत, परंतु त्यांना पुरेसे अन्न मिळाले की नाही हे त्यांच्या दातांनी आणि हाडांनी सांगितले. आज अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या बालकांच्या शरीरातही तशीच नोंद दररोज होत आहे. ती नोंद कशी असावी हे ठरविणे मात्र आजच्या समाजाच्या हाती आहे. विज्ञानाच्या तासाला हे भान आले, तर पाठ्यपुस्तकातील चारही पाठ सार्थकी लागतील.